मिडी २.० आलं खरं, पण पोचलं का नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून ठेवलाय.

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. आकडे थोडे आहेत, माणसांच्या सवयी जास्त आहेत. गोष्ट अशी की जानेवारी २०२० मध्ये संगीताच्या यंत्रांसाठी एक नवं स्टँडर्ड मंजूर झालं. त्याचं नाव मिडी २.०. त्याच्या आधीचं मिडी १.० कधीचं? १९८३ सालचं. म्हणजे आवृत्तीचा आकडा बदलायला ३७ वर्षं लागली. आपल्या फोनमधलं एखादं अ‍ॅप महिन्यात तीनदा अपडेट मागतं, त्या हिशेबाने विचार करा!

बरं, इतकी वाट बघून आलेली गोष्ट धडाधड पसरायला हवी होती ना? तसं झालं नाही. आजही बहुतेक स्टुडिओत, ऑर्केस्ट्रात, घरच्या कीबोर्डमध्ये जे चालतं ते मिडी १.० च. असं का झालं, आणि त्यात आपल्याकडच्या संगीताचं नेमकं काय अडलंय, हे आज बोलूया.

मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक कॉम्प्युटरचं, संगीत ही हौस. फावल्या वेळात एक रियाजाचं छोटं अ‍ॅप बनवतोय, म्हणून या विषयात शिरलो. पण शिरल्यावर लक्षात आलं की ऑफिसात रोज जे बघतो तेच इथे मोठ्या प्रमाणावर चाललंय. नवीन सिस्टिम तयार असते, जुनी बंद होत नाही, आणि दोन्ही सांभाळणारी माणसं दमलेली असतात.

आधी मिडी म्हणजे काय

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जातात. तुम्ही कीबोर्डची पट्टी दाबली की तारेतून निरोप जातो: "अमुक नंबरची पट्टी, एवढ्या जोराने दाबली." सोडली की दुसरा निरोप: "सोडली." त्या निरोपावरून आवाज काढायचा तो पलीकडच्या मशीनने किंवा सॉफ्टवेअरने. त्यामुळे पट्टी तुम्ही पियानोची दाबा, आवाज बासरीचाही निघू शकतो.

तुमच्यातल्या काहींना जुन्या फोनवरच्या पॉलिफोनिक रिंगटोन आठवत असतील. त्या बहुतेक मिडीच्याच फाइल होत्या. गाणं रेकॉर्ड केलेलं नसायचं, कुठला स्वर कधी वाजवायचा याची यादी असायची. म्हणून फाइल इतकी छोटी, आणि म्हणून एकच रिंगटोन दोन फोनवर वेगळी ऐकू यायची.

आता हे निरोप किती बारकाईने जातात ते बघा. मिडी १.० मध्ये बहुतेक किंमती ० ते १२७ मध्ये बसवाव्या लागतात. पट्टी किती जोरात दाबली? १ ते १२७. आवाज किती मोठा? ० ते १२७. चॅनेल १६. तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर सुरू करायचा निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. हे सगळं त्या काळच्या स्वस्त चिपांच्या हिशेबाने ठरवलेलं होतं, आणि त्या काळासाठी ते झकास होतं.

मिडी २.० मध्ये पट्टीच्या जोराला ६५,५३६ पायऱ्या मिळाल्या. नॉब फिरवण्यासारख्या गोष्टींना ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पायऱ्या. चॅनेल १६ वरून २५६. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक स्वराला स्वतःचं वळण देता येतं. त्यावर पुढे येतोच.

आणखी एक बदल. जुनी मिडीची तार एकाच दिशेने बोलते. एक यंत्र सांगतं, दुसरं ऐकतं. पलीकडे कोण आहे, ऐकतंय की नाही, पहिल्याला काहीच माहीत नसतं. नव्या पद्धतीत दोघं आधी एकमेकांची चौकशी करू शकतात: तू कोण, तुला काय काय येतं, तुझ्या आठ नॉबची नावं काय? ब्लूटूथ इअरबड्सची डबी उघडली की फोनवर नाव आणि बॅटरी दिसते ना, तशी ओळखपाळख समजा.

१९८३ मध्ये इतकं पटकन कसं जमलं?

मिडी १.० पसरायला वेळच लागला नाही. १९८१ मध्ये डेव्ह स्मिथ आणि चेट वूड या दोन अमेरिकन इंजिनिअरनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात एक प्रस्ताव मांडला की सगळ्या सिंथेसायझरना एकमेकांशी बोलता यावं. जपानमधून रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी याच विचाराच्या मागे होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम या व्यापारी प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेने जोडले. एकावर वाजवलं, दुसऱ्यातून आवाज आला. त्याच वर्षी यामाहाचा गाजलेला डीएक्स७ मिडीसकट बाजारात आला. १९८५ मध्ये अटारी एसटी या कॉम्प्युटरला तर मिडीची भोकं कंपनीतूनच लावून आली. पुढे २०१३ मध्ये स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

हे इतकं सुरळीत का झालं? कारण मिडीच्या आधी सगळ्यांना चालणारं असं काहीच नव्हतं. प्रत्येक कंपनीची स्वतःची जोडणी, आणि एका कंपनीचं यंत्र दुसरीच्याशी बोलायचं नाही. म्हणजे स्पर्धा होती ती मिडी आणि "काहीच नाही" यांच्यात. त्यात मिडी जिंकणारच.

मिडी २.० ची स्पर्धा मात्र मिडी १.० शी आहे. आणि अडचण अशी की मिडी १.० चांगलं चालतं!

ऑक्टापॅडवाल्या काकांचं म्हणणं

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, गणपतीच्या कार्यक्रमांत गेली कित्येक वर्षं ऑक्टापॅड वाजवतात. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड १९८५ मध्ये आला, आणि आपल्याकडे ते नाव इतकं रुळलं की कुठल्याही कंपनीच्या पॅडला आपण ऑक्टापॅडच म्हणतो.

त्यांना मी मोठ्या उत्साहाने मिडी २.० समजावून सांगितलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे बाळा, मला सांग, रात्री साडेनऊला स्टेजवर चढल्यावर काही बंद पडणार नाही ना?"

मी म्हटलं, "काका, नवीन आहे, सुरुवातीला थोडं..."

"मग राहू दे. माझी पाच पिनांची केबल चिखलात पडली तरी पुसून लावली की चालते."

मला त्यांचं म्हणणं अगदी पटतं. ज्याचं पोट कार्यक्रमावर आहे तो चालत्या गाडीचं इंजिन बदलणार नाही. आणि काकांसारखी माणसं जगभर आहेत. वाद्य ही फोनसारखी दोन वर्षांनी बदलायची वस्तू नाही. चांगला कीबोर्ड लोक पंधरा-वीस वर्षं वापरतात. म्हणून मिडी २.० बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं की जुनं काहीही निकामी होता कामा नये. १९८३ चा कीबोर्ड आजही जोडता आला पाहिजे.

त्यासाठी किती बारीक विचार केलाय बघा. जुन्या पद्धतीत ० ते १२७ चा मध्य म्हणून ६४ धरतात. स्पीकरमध्ये आवाज डावीकडे, उजवीकडे की मधोमध, हे सांगताना ६४ म्हणजे मधोमध. आता हीच किंमत मोठ्या मापात न्यायची तर नुसत्या गुणाकाराने काम भागत नाही. शून्याचं शून्य, १२७ चं सर्वात मोठं, आणि ६४ चं बरोब्बर मधलं, अशी तिन्ही ठिकाणं जुळली पाहिजेत. नाहीतर जुनं गाणं उघडल्यावर मधला गायक किंचित बाजूला सरकेल. हे कसं करायचं याचा नियमच स्टँडर्डमध्ये लिहून ठेवलाय. मला अशी कामं फार आवडतात. कुणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि लक्षात येऊ नयेत म्हणूनच केलेली असतात.

साखळीतली कच्ची कडी

पण मग ज्यांना नवं हवंय त्यांना तरी ते का मिळत नाही? इथे खरा इंजिनिअरिंगचा पेच आहे.

तुमच्या बोटापासून स्पीकरपर्यंतचा रस्ता मोजा. पट्टीखालचा सेन्सर, कीबोर्डमधलं फर्मवेअर, यूएसबीची जोडणी, ऑपरेटिंग सिस्टिम, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि शेवटी आवाज काढणारं प्लगइन. सहा टप्पे झाले. यातला एक जरी टप्पा जुना असेल तर सगळा बारकावा तिथेच गळून पडतो आणि पुढे पुन्हा १२७ पायऱ्याच जातात. पाचजणांनी खर्च करून बदल केला आणि सहाव्याने नाही केला, तर वाजवणाऱ्याला फरक शून्य.

मग प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. कीबोर्ड बनवणारा म्हणतो, सॉफ्टवेअर घेत नाही तर मी पाठवू कशाला. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, पाठवणारे कीबोर्डच नाहीत तर मी लिहू कशाला. आपल्याकडे म्हण आहेच, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

आता तारखा बघा म्हणजे वेग लक्षात येईल. जानेवारी २०२० मध्ये मुख्य तपशील मंजूर झाला. यूएसबीवरून हे निरोप कसे न्यायचे याचा कागद जून २०२० मध्ये आला. त्याच वर्षी अ‍ॅपलने मॅकच्या बिग सर आवृत्तीत आणि आयफोनच्या आयओएस १४ मध्ये पाया घातला. अँड्रॉइडमध्ये ते १३ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ मध्ये आलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये ६.५ आवृत्तीत, ऑगस्ट २०२३ ला. विंडोजचं काम सगळ्यात लांबलं. मायक्रोसॉफ्टने मिडीची सेवा नव्याने लिहायला घेतली, कोड गिटहबवर खुला ठेवला, पण जुनी सगळी सॉफ्टवेअर चालू ठेवून हे करायचं होतं. २०२५ उजाडलं तेव्हाही ती नेहमीच्या विंडोज ११ मध्ये आलेली नव्हती. आता सांगा, जगातले किती स्टुडिओ विंडोजवर चालतात? एवढी मोठी कडी तेव्हा सुटलेली असताना साखळी पूर्ण होणार कशी होती?

बरं, स्टँडर्ड स्वतःसुद्धा जागेवर थांबलेलं नव्हतं. सुरुवातीच्या पद्धतीत दोन यंत्रांनी आधी वाटाघाट करायची होती, की आपण नव्या भाषेत बोलायचं का. ती पद्धत प्रत्यक्षात किचकट ठरली. जून २०२३ च्या सुधारणेत ती मागे घेतली आणि सोपी पद्धत आणली. ज्यांनी घाईने २०२० मध्ये कोड लिहिला होता त्यांना तो पुन्हा लिहावा लागला. ज्यांनी वाट बघितली त्यांचा वेळ वाचला. यातून उरलेल्यांनी काय शिकायचं ते शिकलेच: थांबा!

त्यात ते साल २०२० होतं. लॉकडाऊन, मग चिपांची टंचाई. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथे आसाही कासेई मायक्रोडिव्हायसेस या कंपनीच्या कारखान्याला मोठी आग लागली. ऑडिओच्या चिपा बनवणारी ही नावाजलेली कंपनी. पुष्कळ वाद्यांची आणि ऑडिओ यंत्रांची डिझाइनं मिळेल त्या चिपेवर नव्याने बसवावी लागली. घर सांभाळायची वेळ आलेली असताना माडी कोण बांधणार?

यूपीआय आणि जिओ

तुम्ही म्हणाल, नवीन गोष्टी अशाच रखडतात. पण तसंही नाही. यूपीआय बघा. २०१६ मध्ये सुरू झालं आणि काही वर्षांत भाजीवाल्या मावशींच्या टोपलीपर्यंत पोचलं. फरक काय? यूपीआयच्या मध्यभागी एनपीसीआय नावाची संस्था बसलेली आहे, आणि नियम तिचे. मिडीला असं मध्यभागी बसणारं कुणीच नाही. अमेरिकेतली मिडी असोसिएशन आणि जपानमधली एएमईआय या संघटना कागद तयार करतात, पण सभासद असतात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या. त्यांना "करा" असं सांगता येतं, "करावंच लागेल" असं सांगता येत नाही.

मग सक्ती नसताना नवं स्टँडर्ड पसरतं तरी कधी? त्याचं उदाहरण तुमच्या खिशात असू शकेल. इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत आयपीव्ही ४. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. मगाशी नॉबच्या पायऱ्यांसाठी हाच आकडा आला होता, कारण दोन्हीकडे हिशेब ३२ बिटांचाच. ते पत्ते अपुरे पडणार हे ओळखून नव्वदच्या दशकातच आयपीव्ही ६ तयार झालं. पुढे कित्येक वर्षं ते कागदावरच राहिल्यासारखं होतं, कारण जुन्या पत्त्यांत कसंबसं भागत होतं. मग २०१६ मध्ये जिओ आलं. एकदम कोट्यवधी फोन जोडायचे होते आणि तेवढे जुने पत्ते मिळणं शक्य नव्हतं. त्यांनी पहिल्यापासून आयपीव्ही ६ वापरलं, आणि आयपीव्ही ६ वापरण्यात भारत जगातल्या पुढच्या देशांत जाऊन बसला. याचं कारण एकच, जुन्यात त्यांचं भागतच नव्हतं.

मिडीच्या बाबतीत मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जुन्यात कुणाचं भागत नाहीये?

भागत नाही ते आपलं

पियानो वाजवणाऱ्याचं मिडी १.० मध्ये बऱ्यापैकी भागतं. पट्टी दाबली की स्वर ठरला, तो हलत नाही. मिडीची घडणच त्या विचाराची: पट्टीचा नंबर म्हणजेच स्वर.

आपल्याकडे स्वर हलतो. मींड, गमक, आंदोलन, हा आपल्या गाण्याचा जीव आहे. माझी मावशी गाणं शिकवते. तिला मी अ‍ॅपमधला कोमल गंधार ऐकवला. तिने दोनदा ऐकला आणि म्हणाली, "अरे, हा दरबारीचा गंधार नव्हे. हा पेटीचा गंधार आहे."

"मावशी, पट्टी तर तीच आहे ना?"

"पट्टी तीच असेल रे. दरबारीचा गंधार पट्टीवर बसून राहत नाही. तो खाली राहतो आणि डोलतो."

आता न्यायाने सांगायचं तर मिडी १.० मध्ये मींड अशक्य नाही. पिच बेंड नावाची सोय पहिल्यापासून आहे आणि तिला १६,३८४ पायऱ्या आहेत. एकट्या बासरीची ओळ वाजवायची तर ती पुरते. पण पिच बेंड लागतं सबंध चॅनेलला. चॅनेलवर जे जे वाजतंय ते सगळं एकदम वाकतं.

तबला डोळ्यांसमोर आणा. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढला की डग्ग्याचा आवाज वर चढत जातो. त्याच वेळी उजव्या हाताची चाट सुरात स्थिर असते. हे दोन्ही आवाज एकाच चॅनेलवर असतील तर डग्गा वाकवताना तबलाही वाकतो, आणि लावलेला सूर गेला बाराच्या भावात. मग लोक जुगाड करतात: डग्गा वेगळ्या चॅनेलवर, तबला वेगळ्या. २०१८ मध्ये एमपीई नावाची पद्धत अधिकृत झाली, तीही याच धाटणीची आहे, प्रत्येक वाजत्या स्वराला तात्पुरता एकेक चॅनेल देऊन टाकायचा. चालतं, पण एका वाद्यालाच सगळे चॅनेल पुरवावे लागतात.

मिडी २.० मध्ये वळण थेट त्या एका स्वराला देता येतं. शिवाय स्वर सुरू होतानाच्या निरोपात पट्टीचा नंबर वेगळा आणि प्रत्यक्ष सूर वेगळा सांगता येतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतरात ५१२ पायऱ्या. म्हणजे पट्टी कोमल गंधाराची, पण सूर दरबारीत हवा तेवढा खालचा आणि दुसऱ्या रागात त्याच्या जागचा, असं प्रत्येक स्वरागणिक पाठवता येईल. मावशीच्या तक्रारीला यंत्राच्या भाषेत एवढं सरळ उत्तर पहिल्यांदा मिळतंय.

मग आपण ओरडा का केला नाही? मला वाटतं, कारण आपल्याला भागवून घ्यायची सवय आहे. पेटीचंच बघा ना. पट्ट्यांचं वाद्य, मींड निघत नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. पण महाराष्ट्रात पेटी थांबली नाही. नाट्यसंगीतात, भजनात, मैफलीत ती राहिली, कारण गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी बोटांच्या कौशल्याने त्या मर्यादेतही गाणं उभं केलं. ही आपली ताकद आहे. तिचा तोटा एवढाच की गैरसोय अंगवळणी पडली की कुणी तिची तक्रार करत नाही, आणि तक्रारच आली नाही तर ती दुरुस्त करायची गरज कंपनीला कळणार कशी?

प्रोफाइल कोण लिहिणार?

इथे मला घाई वाटते. एरवी स्टँडर्ड हळू पसरतंय याचं मला फारसं दुःख नाही. जुनं न मोडता जायचं म्हटलं की वेळ लागणारच, आणि काकांची केबल चालू राहिली पाहिजे.

पण मिडी २.० मध्ये प्रोफाइल नावाचा प्रकार आहे. अमुक प्रकारच्या वाद्यासाठी कुठला निरोप काय करेल, याचा आधीच ठरवलेला करार. ऑर्गनसाठी असं प्रोफाइल लिहिलं गेलं. ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांच्या वादनपद्धतींसाठी लिहिलं गेलं. ज्यांना ही वाद्यं माहीत होती ते लोक टेबलावर बसले होते, म्हणून लिहिलं गेलं. आता डग्ग्याचा घिस्सा, सतारीवर तार ओढून काढलेली मींड, सारंगीचा गज, यांची प्रोफाइल कोण लिहिणार? हे काम तबलजीला विचारल्याशिवाय होणार नाही, आणि इंजिनिअरशिवायही होणार नाही.

आज स्टँडर्ड पूर्ण रुळलेलं नाही, म्हणून अजून त्यात आपलं म्हणणं घालता येतं. एकदा ते सगळीकडे बसलं की पुढचा बदल कधी होईल? मागचा ३७ वर्षांनी झाला होता.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, कोड लिहिणाऱ्या दोस्तांसाठी. मिडी २.० चे कागद मिडी असोसिएशनच्या साइटवर मोफत मिळतात. अँड्रॉइड १३ च्या पुढचा फोन किंवा नवं लिनक्स असेल तर प्रयोगाला पैसे लागत नाहीत. रियाजाचं अ‍ॅप, तानपुऱ्याचं अ‍ॅप, तबल्याचं प्लगइन, काहीही बनवत असाल तर प्रत्येक स्वराचा वेगळा सूर स्वीकारण्याची सोय आत्ताच ठेवा. पाठवणारे कीबोर्ड कमी असले तरी ठेवा. साखळीतली आपली कडी तरी पक्की राहील.

दुसरी, कीबोर्ड घेणाऱ्यांसाठी. नुसतं "मिडी २.० आहे का" असं विचारू नका. त्या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या सोयी येतात, आणि सगळ्या यंत्रांत सगळ्या नसतात. विचारा, पट्टीचा जोर १२७ पेक्षा जास्त पायऱ्यांत पाठवतो का? एकेका स्वराला वेगळं वळण देता येतं का? सॉफ्टवेअर अपडेटने पुढे काही मिळणार आहे का? दुकानदाराला उत्तर येणार नाही कदाचित. पण असं विचारणारी दहा गिऱ्हाइकं आली की तो कंपनीच्या माणसाला विचारेल. आणि हो, चालू असलेला जुना कीबोर्ड यासाठी विकू नका. तो नव्याशीही बोलणार आहे.

तिसरी, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्या वाद्यातली कुठली गोष्ट मशीनमध्ये उतरत नाही ते नेमक्या शब्दांत सांगा. "मशीनमध्ये जीव नाही" असं म्हटलं तर मला काही करता येत नाही. "घिस्सा काढताना तबलाही सरकतो" असं म्हटलं की मला कामाला सुरुवात करता येते. मावशीने "खाली राहतो आणि डोलतो" म्हटलं, त्यावर मी गेले दोन महिने काम करतोय. किती खाली, किती वेगाने डोलतो, गाणारा बदलला की किती फरक पडतो, हे तिच्यासमोर बसून मोजतोय. अजून ती पास करत नाही, पण परवा "आता जरा बरा आहे" म्हणाली. आमच्या मावशीकडून एवढं म्हणजे खूप झालं!

तर मंडळी, कमेंटमध्ये किंवा व्हॉइस नोट पाठवून मला एवढंच कळवा: तुमचं वाद्य कुठलं, आणि त्यातली कुठली एक गोष्ट कीबोर्डवर किंवा अ‍ॅपवर कधीच बरोबर वाजत नाही? संबळ, दिमडी, एकतारी, काहीही चालेल. जमलेली यादी पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवेन, आणि त्यातल्या कुठल्या गोष्टी नव्या स्टँडर्डमध्ये बसतात आणि कुठल्या अजूनही बसत नाहीत, ते एकेक करून बघू.

आजच्यापुरतं एवढंच. काळजी घ्या, रियाज करा, भेटूया पुढच्या भागात.